चोरी नसलेलं गाव

तत्त्वज्ञान या विषयाची मला शिसारी आली ती आमच्या गावच्या शाळेच्या पटांगणात, एका शनिवारी सकाळी, लोक टाळ्या वाजवत असताना. तोवर तो विषय मला फार आवडायचा. संगमनेरच्या कॉलेजात मी बी.ए.ला तत्त्वज्ञान घेतलं होतं, आणि आमच्या नात्यागोत्यात असलं काही घेणारी मी पहिलीच. "यानं नोकरी लागती का?" असं वडिलांनी एकदा विचारलं आणि नाद सोडला. आत्याने तेवढंही विचारलं नाही. तिने मला नवी पोलकी शिवून दिली आणि म्हणाली, "शीक. काय असंल ते शीक."

आमचं गाव नेवाशाच्या बाजूचं, शिंगणापूरहून बैलगाडीने जाता येईल इतकं जवळ. शिंगणापुरात घरांना दारं नाहीत हे सगळ्यांनाच माहीत आहे. आमच्या गावात मात्र दारं होती. मी लहान असताना गावातल्या जाणत्या मंडळींच्या मनात आलं की देव त्यांचं गाव राखतो तर आपलं का नाही राखणार? मग ओढ्यातली एक काळी शिळा उचलून आणली, चौथरा बांधला, दर शनिवारी तेल सुरू झालं, आणि एका अमावस्येला अख्ख्या गावाने आपापली दारं उतरवली. चौकटी तेवढ्या राहिल्या. कुत्री आत शिरू नयेत म्हणून बायका चौकटीत आडवी फळी टेकवायच्या, ती चालायची.

उतरवलेल्या दारांचं काय झालं हे मात्र गावात कुणी बोलायचं नाही. कुणी त्यांची बाज केली, कुणी कणगीवर झाकण म्हणून ठेवली. आमच्या घरची दोन्ही दारं गोठ्यात कडब्याला आडोसा म्हणून उभी होती. म्हणजे दारं गावातच होती, फक्त त्यांना दार म्हणायचं नाही एवढं ठरलं होतं. कॉलेजात नाव आणि वस्तू यांच्यावरचे मोठमोठे पाठ ऐकताना मला तो आडोसा आठवायचा आणि हसू यायचं. तेव्हा हसू येत होतं.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण, नवऱ्याने टाकलेली. आमच्याच घराच्या कडेच्या खोलीत राहायची, तिची चौकट वेगळी, थेट रस्त्यावर उघडणारी. खोलीत एक खाट, एक चूल आणि शिवणाचं मशीन. पायाने चालवायचं, लोखंडी घोडीवर बसवलेलं. सासर सोडून आली तेव्हा तिने दुसरं काहीही आणलं नव्हतं. एसटीच्या टपावर हे धूड चढवून घेतलं आणि कंडक्टरशी भांडत भांडत घरी आली, अशी गोष्ट आई सांगायची. माहेरी परत आलेल्या बाईला गाव कोणत्या नावाने ओळखतं ते मी वेगळं सांगायला नको. आत्याला तसं कुणी म्हटलं नाही, कारण गावभरच्या चोळ्या, परकर आणि शाळेच्या चड्ड्या तिच्या हातच्या होत्या. ती सगळ्यांची शिवणारी आक्का होती. मशीन होतं म्हणून ती आक्का होती, हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्यामुळे ती त्याला रोज पुसायची, आठवड्याला तेल द्यायची, आणि हे तेल मात्र शिळेवर ओतलं जायचं नाही.

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. नवं शिवायला कुणाकडे काही नव्हतं, पण जुनं फाटतच होतं. ठिगळं, उसवलेल्या शिवणी, धान्याच्या रिकाम्या पोत्यांच्या पिशव्या, हे काम तिला मिळत राहिलं. गावातल्या बाकीच्या बायका खडी फोडायला सरकारी कामावर जात होत्या. आत्या जात नव्हती. कामावरून परत येणाऱ्या बायका संध्याकाळी तिच्या चौकटीशी टेकायच्या, हाताला फडकी बांधलेल्या, आणि म्हणायच्या, "तुजं बरं हाय बाई, सावलीत बसून."

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी होते. नात्यातल्या एकाच्या दहाव्याला आम्ही सगळे परगावी गेलो, मुक्काम पडला, दुसऱ्या दिवशी दुपारी परत आलो. आत्याच्या खोलीत मशीन नव्हतं. जाण्याआधी तिने जमीन ताजी सारवली होती, आणि त्या सारवणावर कोपऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत दोन ओरखडे उठले होते. लोखंडी घोडीचे पाय ओढत नेल्याचे. ते इतके सरळ आणि स्पष्ट होते की त्यांना पाहिल्यावर काही बोलायची गरजच नव्हती. आत्या त्यांच्या शेजारी उकिडवी बसली, बोटाने एक ओरखडा चाचपला आणि म्हणाली, "मशीन चोरीला गेलं."

वडील आधी रस्त्यावर कोणी ऐकलं का ते पाहून आले.

कारण आमच्या गावात चोरी होत नाही. होऊ नये असं नाही, होतच नाही. कुणी चोरी केली तर त्याचे डोळे जातात, शिवेवर तो चकवा लागल्यासारखा फिरत राहतो आणि गावाच्या हाती सापडतो. हे सगळ्यांना मान्य होतं. आता यावरून गावाने जे अनुमान काढलं ते तर्कशास्त्राच्या पेपरात पैकीच्या पैकी मिळवेल असं होतं. चोरी झाली तर चोराचे डोळे जातात. गावात कुणाचे डोळे गेले नाहीत. सबब, चोरी झालेली नाही. मग मशीन कुठे आहे, हा प्रश्न या मांडणीत बसत नव्हता, म्हणून तो कुणी विचारला नाही.

शिळेची व्यवस्था बघायला गावात एक कमिटी होती. तिचे प्रमुख दुसऱ्या दिवशी सकाळी आले. टँकर कोणत्या आळीत आधी उभा राहणार हेही तेच ठरवायचे, त्यामुळे ते आले की लोक उठून उभे राहायचे. त्यांनी ओरखडे पाहिले, हातातली काठी त्यांवरून फिरवली आणि म्हणाले, "हे जुनं दिसतंय, आक्के."

"परवा सकाळी सारवलंय म्या," आत्या म्हणाली.

"सारवलं आसंल. पन खालचं वर येतं कदी कदी."

जमिनीखालचे ओरखडे वर येतात! मी खोलीच्या कोपऱ्यात उभी होते आणि मला वाटलं, आता कोणीतरी हसेल. पण वडिलांनी मान डोलावली. बरोबर आलेल्या पोलीस पाटलांनीही मान डोलावली आणि वर सांगितलं की आजवर या गावचा चोरीचा कागद तालुक्याला गेलेला नाही, तो आता एका मशीनसाठी जाणार नाही. त्याच संध्याकाळी वडिलांच्या सांगण्यावरून आईने आत्याची खोली पुन्हा सारवली. आत्या पाण्याला गेली होती. ती हंडा घेऊन आली तेव्हा जमीन ओली आणि गुळगुळीत होती. त्या रात्री ती आमच्याकडे जेवली नाही.

त्यानंतर मशीनचे अर्थ लागायला लागले. आधी म्हणे कुणीतरी निकडीने नेलं असेल, आणून देईल. मग आक्कानेच विकलं असेल, दुष्काळ आहे, लाजेने सांगत नाही. मग एकाने शोध लावला की मशीन सासरचं, म्हणजे नवऱ्याचं, म्हणजे नवऱ्याने येऊन नेलं असेल, आणि स्वतःची वस्तू नेणं ही चोरी कसली? हा अर्थ बऱ्याच लोकांना पटला, कारण त्यात देवही वाचत होता आणि नवराही. शेवटी तर एका बाईने पाण्याच्या रांगेत मला सांगितलं की तिने आत्याकडे मशीन असं कधी नीट पाहिलंच नव्हतं. "आसंल बाई, मी कदी ध्यान दिलं न्हाई," ती म्हणाली. तिच्या अंगातली चोळी आत्यानेच शिवलेली होती. बाहीवरची दुहेरी टीप मी ओळखत होते.

चोर कोण ते मला आजही माहीत नाही, आणि खरं सांगायचं तर त्याचा मला तितका रागही येत नाही. चोराने निदान मशीन आहे असं धरून ते उचललं. गावात तेवढी श्रद्धा असणारा तो एकटाच निघाला.

सुट्टी संपली आणि मी संगमनेरला परत गेले. आम्हाला शिकवणारे सर त्या वर्षी एक विषय फार रंगून घेत होते: अर्थ लावणं आणि असणं यांचं नातं. त्यांचं म्हणणं असं की आधी वस्तू आणि मग तिचा अर्थ, इतकं ते सरळ नसतं. काय आहे, असं आपण विचारतो तेव्हाच आपण अर्थ लावायला लागलेलो असतो. कोऱ्या डोळ्यांनी कुणीच पाहत नाही. म्हणून असण्याबद्दलचा प्रत्येक सिद्धांत हा मुळात कुणीतरी केलेलं वाचन असतो, आणि एकच ग्रंथ वाचून कुणी जग खरं ठरवतो, कुणी खोटं. सर हे सांगताना खिडकीतून बाहेर पाहायचे, त्यांचा आवाज खाली यायचा आणि वर्गात पेन ठेवल्याचा आवाजसुद्धा ऐकू यायचा. मला ते सगळं खरं वाटायचं. आजही बरंचसं खरं वाटतं. हीच तर माझी पंचाईत आहे.

मी मनाशी म्हणत होते, हा माणूस आमच्या गावाला सरळ करेल. अर्थ कसे लावले जातात हे ज्याला इतकं कळतं, त्याला लबाडीने लावलेला अर्थ लगेच दिसेल. त्यातच कमिटीला अमावस्येच्या शनिवारी कुणी शिकलेला वक्ता हवा होता. दुष्काळात लोकांची श्रद्धा ढळू नये म्हणून. माझे सर मोठे व्याख्याते आहेत हे वडिलांनी कुठेतरी बोलून दाखवलेलं, तेव्हा निरोप माझ्याच हाती आला. सरांनी लगेच होकार दिला. श्रीरामपूरहून पुढच्या एसटीत मी त्यांना सगळं सांगितलं. मशीन, ओरखडे, आईने केलेलं सारवण, चोळी घातलेली बाई. ते डोळे मिटून ऐकत होते. शेवटी डोळे उघडून म्हणाले, "तुमच्या गावात फारच रोचक प्रश्न उभा राहिला आहे."

रोचक. मला तेव्हाच कळायला हवं होतं, पण मला वाटलं ही शिकलेल्या लोकांची भाषा.

दुपारचं ऊन टाळायला व्याख्यान सकाळी ठेवलं होतं. शाळेच्या पटांगणात पुरुष पुढे, बायका मागे भिंतीला टेकून. आत्या त्यांच्यात बसली होती, धुतलेलं लुगडं नेसून. मी तिला आदल्या रात्री सांगितलं होतं की सर तिची बाजू मांडतील. सकाळी उठून तिने केस विंचरून बसका अंबाडा घातला होता.

सरांनी सुरुवात फार छान केली. मग म्हणाले, "आपण म्हणतो चोरी झाली. पण चोरी डोळ्यांना दिसते का? दिसतं एवढंच, की एक वस्तू इथे होती, आता इथे नाही. ती दुसरीकडे आहे. जगाच्या एकूण असण्यात काही कमी झालेलं नाही. चोरी ही वस्तू नव्हे, चोरी हा आपण लावलेला अर्थ आहे. 'माझं' हा शब्द काढून घ्या, चोरी उरत नाही. तुमच्या गावाने दारं काढली म्हणजे काय केलं? 'माझं' हा अर्थच काढून टाकला. जे ग्रंथांतून आम्ही मोठ्या कष्टाने शिकतो, ते हे गाव जगत आहे."

आधी कमिटीच्या प्रमुखांनी टाळी वाजवली. मग सगळ्यांनी. भिंतीला टेकलेल्या बायकांनीही, कारण पुरुष वाजवत होते. मी आत्याकडे पाहिलं. ती हात मांडीवर ठेवून सरळ समोर बघत होती. मला सर्वांत जास्त किळस कशाची आली सांगू? सरांचं बोलणं चुकीचं नव्हतं. त्यातलं एकेक वाक्य मी परीक्षेत लिहिलं असतं. पण ती वाक्यं जिथे जाऊन पडली, ती जागा त्यांनी पाहिली होती, मी दाखवली होती, आणि तरीही ती त्यांनी तिथेच टाकली. अर्थ लावल्याशिवाय काही हाती लागत नाही हे मला कबूल आहे. पण हाती लागत नाही म्हणून ते नाहीच, अशी उडी कुणी मारली की त्याचे पाय कुठे टेकतात ते बघावं. सरांचे टेकले ते शाल आणि नारळावर.

दुपारी ते आमच्याकडे जेवले. रेशनवरच्या मिलो ज्वारीच्या लाल भाकरीचं कौतुक केलं, पिठलं दोनदा घेतलं. आत्या वाढत होती. वाढता वाढता तिने विचारलं, "सर, मग माजं मशीन आता कुठं हाय?"

सर प्रसन्न हसले. "हाच तर खरा प्रश्न आहे, बाई."

आत्या पिठल्याची पळी घेऊन थोडा वेळ उभी राहिली. तिला वाटलं ते पुढे काही सांगणार आहेत. ते सांगणार नव्हते. तिने पळी भांड्यात ठेवली आणि ती आत गेली. एसटीपर्यंत सरांना पोचवायला मी गेले नाही, वडील गेले.

व्याख्यानानंतर कमिटीला जोर आला. एवढा मोठा प्राध्यापक सांगून गेला, तेव्हा आक्काने देवावर घेतलेला आळ मागे घ्यायला हवा. आमच्याकडे त्याची रीत होती: शिळेवर तेल घालायचं आणि तोंडाने आपला शब्द परत घ्यायचा. मात्र बाईने चौथऱ्यावर पाय ठेवायचा नाही. म्हणजे शब्द आत्याचा, पण तो परत घ्यायला वर जाणार वडील. पुढच्या शनिवारी मी मुद्दाम घरी आले, ते हे बघायला. वडील ओल्या कपड्यांनी वर चढले, तेल घातलं आणि मोठ्याने म्हणाले, "माझी बहीण म्हनती, चोरी झाली न्हाई. तिला भास झाला." आत्या खाली उन्हात उभी होती. ती काहीही म्हणाली नव्हती. तिच्या वतीने सगळं म्हणून झालं, लोकांनी हात जोडले, प्रमुखांनी वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला. त्या दिवशी टँकर आमच्या आळीत आधी आला. वडिलांना मी पुष्कळ मानायचे, आणि त्या पाण्याने भरलेला हंडा ते स्वतः उचलून आत नेत असताना मला त्यांच्याकडे बघवेना.

आत्या चौथऱ्यापासून थेट गोठ्यात गेली. कडबा बाजूला सारून तिने आडोशाचं एक दार ओढून काढलं आणि मला हाक मारली. "धर त्या अंगानं." तिच्या खोलीच्या चौकटीत बिजागऱ्यांचे सांगाडे अजून होते. आम्ही दोघींनी ते दार उचलून बसवलं. शेणाचे पोपडे आलेलं, खालून कुजलेलं, पण दार. लोक जमले. प्रमुखही आले.

"आक्के, आता आत काय हाय, म्हनून दार लावतीस?" त्यांनी विचारलं.

"मी हाय न्हवं," आत्या म्हणाली आणि तिने दार आतून लावून घेतलं.

दार फार दिवस राहिलं नाही. मशीन गेल्यावर आत्याला खडीच्या कामावर जाणं भागच होतं. हातोडी धरून तिची बोटं फुटली, नखं काळी पडली, आणि ती एक दिवस कामावरून परत आली तर चौकट मोकळी होती. गोठ्यातही दार नव्हतं. तिने आळीत विचारलं. मला हे आईने नंतर सांगितलं, आणि सांगताना ती पदराने तोंड झाकत होती, हसू आल्याने की रडू आल्याने ते मला समजलं नाही. आळीतल्या लोकांनी आत्याला सांगितलं, "दार? आपल्या गावात दार नसतं, आक्का."

त्यानंतर आत्याने कुणाशी वाद घातला नाही. अंगावरच्या लुगड्यानिशी एसटीत बसली आणि नगरला उतरली. भिंगारच्या जुन्या बाजारात एका मुसलमान मास्तरांचं शिवणाचं दुकान होतं, छावणीतल्या शिपायांचे खाकी कपडे तिथे यायचे. त्यांनी तिची फुटलेली बोटं पाहिली आणि आधी फक्त काज-बटणाचं काम दिलं. मास्तरांची बायको तिला आपल्याच घरामागे राहायला घेऊन गेली. त्या खोलीला दार होतं, आतून कडी होती. आत्याने पहिल्या भेटीत मला ती कडी लावून, काढून, पुन्हा लावून दाखवली.

मी बी.ए. पुरं केलं ते वडिलांच्या हट्टासाठी. शेवटच्या वर्षी सरांनी परीक्षेत अर्थ आणि असणं यावरच प्रश्न घातला होता. मी त्यांना हवं तेच लिहिलं आणि बाहेर येऊन नळाखाली हात धुतले.

पुढच्या उन्हाळ्यात मी भिंगारला निघाले होते. नेवाशाला एसटीत माझ्या शेजारी एक बाई बसली. सोबत तिची सून होती. कुठून आलात म्हणून विचारलं तर तिने आमच्याच गावाचं नाव घेतलं. देवदर्शनाला गेल्या होत्या. दुष्काळ सरल्यावर लांबलांबचे लोक शिळेला यायला लागल्याचं माझ्या कानावर होतं. ती सुनेलाच पुन्हा सगळं समजावून सांगत होती, मोठ्या भक्तीने, मधून मधून गालावर मारून घेत. "तिथं दार लावायचं न्हाई. एक बाई हुती, लई ताठ. तिनं हट्टानं दार बसवलं. चार दिसांत दोनी डोळं गेलं बघ तिचं. आता कुठंतरी भीक मागती म्हनं."

मी विचारलं, "त्या बाईने दार का बसवलं होतं?"

"गर्व. दुसरं काय."

"तिचं काही चोरीला गेलं होतं का?"

ती माझ्याकडे कीव आल्यासारखी बघायला लागली. "चोरीला? तिथं चोरी न्हाई होत, बाई. तेच तर सांगतेय."

दार नव्हतंच, असं त्याच गावाने आत्याच्या तोंडावर सांगितलं होतं. आता दार होतं, कारण आता त्या दाराचा उपयोग होता. मला त्या गाडीतून उतरून जावंसं वाटलं. पण पुढची गाडी कधी ते माहीत नव्हतं, म्हणून मी त्या दोघींच्या शेजारी घोडेगावपर्यंत, आणि त्यांच्या नंतर रिकाम्या जागेच्या शेजारी नगरपर्यंत, दात आवळून बसून राहिले.

आत्या दुकानाच्या तोंडाशी बसली होती, उजेडात. मांडीवर खाकी सदरा, बोटांच्या जखमा भरलेल्या, पण नखं वेडीवाकडी उगवलेली. मास्तर मागे कापड बेतत होते. मी चहासुद्धा न घेता सगळं सांगून टाकलं. तिला राग येईल, रडू येईल असं मला वाटत होतं. तिने सुई उजेडाकडे धरली, दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं आणि एका झटक्यात ओवलं. "आंधळी झाले व्हय मी?" ती म्हणाली. "मास्तर, आयकलं का? आंधळीला कामावर ठिवलंय तुमी." मास्तर हसले. तीही हसली, अगदी खरं हसली. कितीतरी दिवसांत मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं.

मग हसणं थांबवून तिने विचारलं, "आन मशीनचं काय सांगत हुती ती?"

"मशीनचं काही नाही."

"दाराचं सांगितलं?"

"हो."

"डोळ्यांचं सांगितलं, भीक मागायचं सांगितलं. मशीनचं न्हाई?"

"नाही, आत्या."

तिने सुई सदऱ्यात टोचून ठेवली. समोर रस्त्यावरून छावणीतला एक ट्रक गेला, धूळ उडाली, तिने पदराने सदरा झाकला आणि धूळ बसेपर्यंत ती तशीच राहिली. "माजे डोळे घ्या म्हनावं," ती म्हणाली. "गर्विष्ठ म्हना, भिकारीन म्हना, काय बी म्हना. पन मशीन हुतं, एवढं कुनीतरी म्हनावं."

"होतं की, आत्या," मी म्हणाले. "मी सांगते ना. मी पाहिलंय."

"तू घरची," ती म्हणाली. "घरच्याचं कोन धरतं?" आणि सदरा पुन्हा मांडीवर घेऊन तिने पुढचं काज करायला घेतलं.